समुद्रातले प्लास्टिक किनाऱ्यावर वेचायचे की नाल्यातच अडवायचे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

समुद्रातल्या प्लास्टिकवर आपल्याकडे जो सार्वजनिक पैसा आणि कंपन्यांचा सीएसआर निधी खर्च होतो, त्यातला मोठा वाटा किनारे झाडण्याऐवजी नद्या-नाल्यांच्या मुखाशी कचरा अडवण्यावर आणि तो मुळात नाल्यात पडूच न देणाऱ्या कचरावेचकांवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे. स्वच्छता मोहिमांना माझा विरोध नाही. मात्र त्या मोहिमा म्हणजेच समुद्र वाचवण्याचे काम, ही जी समजूत रुजली आहे, तिच्याविरुद्ध हा धागा आहे. विरोधी मते जरूर मांडावीत, फक्त ती मुद्द्याला धरून असावीत.

मी मुंबईतल्या मिठी नदीच्या मुखापासून फार दूर राहत नाही. पहिला मोठा पाऊस पडून गेला की पुलावरून खाली काय वाहत जाते ते स्पष्ट दिसते: थर्मोकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची चकचकीत पाकिटे, पातळ पिशव्या, चपला आणि दुधाच्या पिशवीचे कातरीने कापलेले ते चिमुकले कोपरे. हा कोपरा मी मुद्दाम सांगतो, कारण पिशवी भंगारात जाते तेव्हाही तो जात नाही; तो ओट्यावरून मोरीत, मोरीतून गटारात आणि गटारातून थेट खाडीत पोहोचतो. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला समुद्र यातला काही भाग माहीमला, जुहूला आणि मरीन ड्राइव्हला परत आणून टाकतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि मग रविवारी आपण झाडू घेऊन निघतो. पण समुद्राने परत केलेला कचरा हा त्याने ठेवून घेतलेल्या कचऱ्याचा केवळ एक अंश असतो. बाटल्यांचे पेट प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असल्यामुळे झाकण उघडे असेल तर बाटली तळाशी जाते, आणि पिशव्यांचे पॉलिथिन तरंगत असले तरी त्यावर शेवाळ व शिंपले चढले की तेही हळूहळू बुडते.

जागतिक आकडे हेच सांगतात. २०१५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेले प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टनांच्या दरम्यान होते. याउलट प्रशांत महासागरातल्या ज्या प्रचंड कचरापट्ट्याची एवढी चर्चा होते, त्यातले तरंगते प्लास्टिक २०१८ च्या अभ्यासात सुमारे ७९,००० टन आढळले. म्हणजे तो संपूर्ण पट्टा उद्या जादूने स्वच्छ झाला, तरी एका वर्षाच्या किमान अंदाजाच्या दोन टक्केसुद्धा भरपाई होत नाही. त्या पट्ट्यासाठी बॉयन स्लाट या डच तरुणाने २०१३ मध्ये 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली. तिची पहिली यंत्रणा सप्टेंबर २०१८ मध्ये समुद्रात उतरली आणि त्याच डिसेंबरात तिचा एक भाग तुटला. पुढे यंत्रणा सुधारली, हे मान्य आहे; पण याच संस्थेने २०१९ पासून नद्यांमध्ये कचरा अडवणाऱ्या बोटी लावायला सुरुवात केली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेतली सर्वांत महत्त्वाची घटना तीच आहे. खोल समुद्रात उतरलेली माणसेसुद्धा शेवटी नदीच्या मुखाशी येऊन उभी राहिली.

२०२४ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातून वर्षाला ९३ लाख टन प्लास्टिक पर्यावरणात जाते, जगात सर्वाधिक. यातला मोठा हिस्सा उघड्यावर जाळला जातो आणि उरलेला जमिनीवर व पाण्यात विखुरतो. याचे मूळ कारण कचरा गोळाच न होणे हे आहे. ज्या वस्तीत घंटागाडी पोहोचत नाही, तिथल्या माणसापुढे जाळणे किंवा नाल्यात टाकणे हे दोनच मार्ग उरतात, आणि त्या वस्तीला दोष देऊन किनारा झाडत बसणे मला न्याय्य वाटत नाही.

शंखशिंपले

आपली आकडेवारी मला मान्य आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मी किनाऱ्यावर नियमित जाणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझी बाजू सविस्तर मांडते.

पहिली गोष्ट अशी की, किनारा ही प्लास्टिक अखंड स्वरूपात हाती लागण्याची शेवटची जागा आहे. वाळूवर पडलेली पिशवी दोन-तीन उन्हाळे तापली की ठिसूळ होते, लाटांनी तिचा भुगा होतो आणि त्या भुग्याला जगातली कोणतीही यंत्रणा समुद्रातून वेगळे करू शकत नाही. खोल समुद्रापेक्षा किनाऱ्यावर हे तुकडे होण्याची क्रिया फार वेगाने होते, कारण तिथे ऊन, उष्णता आणि वाळूचे घर्षण एकत्र येतात. म्हणून आज उचललेली एक पिशवी म्हणजे उद्याचे हजारो सूक्ष्म कण टाळणे होय. आपण किनारा स्वच्छतेला दिखाऊ उपाय समजता; मी तिला सूक्ष्मप्लास्टिक रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय समजते.

दुसरी गोष्ट वर्सोव्याची. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी आपल्या ८४ वर्षांच्या शेजाऱ्यांना, हरबंश माथुर यांना सोबत घेऊन तो किनारा साफ करायला सुरुवात केली, तेव्हा तिथे प्लास्टिकच्या थरावरून चालावे लागत असे. पुढे शेकडो लोक जोडले गेले, २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात गेली. पिल्लू वाळूतून बाहेर येते तेव्हा त्याला पाण्यापर्यंतचे अंतर स्वतःच्या बळावर कापावे लागते, आणि वाटेत पसरलेली एक दोरी किंवा अर्धा डबासुद्धा त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. वेळास, आंजर्ले येथे कासवांची घरटी जपणाऱ्या गावकऱ्यांना हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. नाल्यावरचा अडसर पाच वर्षांनी पूर्ण होईल. या हंगामातल्या पिल्लांनी तोवर काय करावे?

आणि सर्व प्लास्टिक नाल्यातून येते हेही खरे नाही. आपण सांगितलेल्या त्याच प्रशांत पट्ट्यात वजनाने जवळपास निम्मा भाग, ४६ टक्के, मासेमारीच्या जाळ्यांचा होता. तुटलेली जाळी समुद्रात वर्षानुवर्षे मासे आणि कासवे मारत फिरतात. वन विभागाच्या डहाणूतल्या उपचार केंद्रात येणाऱ्या कासवांमध्ये जाळ्यात अडकून जखमी झालेली कासवे असतात. मिठीच्या मुखाशी कितीही भक्कम अडसर घातला तरी यातले एकही जाळे त्यात सापडणार नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा. नाल्यावरचे अडसर ठेकेदार चालवतात, ते चालतात की बंद पडतात हे कुणाच्या दृष्टीस पडत नाही. किनाऱ्यावर आलेला माणूस मात्र आपल्या हाताने आपल्याच घरातली पिशवी उचलतो आणि दुसऱ्या दिवशी नगरसेवकाला प्रश्न विचारतो. वर्सोव्याची माणसे नंतर मिठीकडे वळली ती यामुळेच. आपण सुचवता त्या कामासाठी लागणारा नागरिकांचा दबाव किनाऱ्यावरच तयार होतो.

पर्वती

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, फक्त त्यांच्या नाल्याच्याही आधी जावे असे मला वाटते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद, बहुतांश बायका, दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. जे प्लास्टिक दाराशीच वेगळे झाले ते नदीत जात नाही, इतका हा सरळ हिशेब आहे. आणखी एक गोष्ट मुंबईकरांनी लक्षात घ्यावी: आमच्या मुळा-मुठेत पडलेली पिशवी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. आंध्रच्या किनाऱ्यावर कितीही झाडू मारला, तरी तो कचरा पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यातच थांबवावा लागेल. या बायकांना घरामागे द्यायचे शुल्क देताना मात्र हीच पर्यावरणप्रेमी सोसायटी घासाघीस करते, हे मला मनापासून खटकते.

भंगारगल्ली

मी प्लास्टिक पुनर्प्रक्रियेच्या धंद्यात आहे. वरच्या सर्व प्रतिसादांत गोळा केलेल्या प्लास्टिकचा पुनर्वापर होईल हे गृहीत धरलेले दिसते, म्हणून लिहितो.

आमच्याकडे माल आला की तो आधी हाताने निवडला जातो. कामगार तुकडा वाकवून, मोडून, कधी त्याचे टोक पेटवून वासावरून तो पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आहे, एचडी (घट्ट पॉलिथिन) आहे की आणखी काही हे ओळखतो. पाण्याच्या टाकीत टाकला की पेट बुडते आणि पीपी-एचडी वर येते. मग धुणे, दळणे, वितळवून त्याची तार काढणे आणि कापून दाणा करणे. या दाण्याला भाव मिळतो तो त्याच्या शुद्धतेचा. एकजात पांढऱ्या कॅनचा दाणा आणि मिसळलेल्या मालाचा काळा दाणा यांच्या भावात मोठा फरक असतो.

आता समुद्रातून आलेला माल घ्या. त्यात मीठ असते, त्यामुळे यंत्राचे लोखंड खाल्ले जाते. त्यात वाळू असते, त्यामुळे दळणाची पाती बोथट होतात. त्यावर शिंपले चिकटलेले असतात, ते खरवडायला मजुरी लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते उन्हाने जळलेले असते. रेणूंच्या साखळ्याच तुटलेल्या असल्यामुळे त्याचा दाणा केला तरी त्यापासून बनलेली वस्तू पटकन तडकते. तो धुवायला गोडे पाणी लागते ते वेगळेच. कच्चे तेल स्वस्त झाले की नवा दाणा जुन्याच्या भावात मिळू लागतो आणि तेव्हा चांगला मालसुद्धा आमच्या गोदामात पडून राहतो, मग असल्या मालाला कोण विचारणार? बुटांवर आणि पिशव्यांवर समुद्रातल्या प्लास्टिकपासून बनवल्याचे लिहिलेले असते, त्यातला बराचसा माल प्रत्यक्षात समुद्राला कधी लागलेलाच नसतो. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत जमिनीवर गोळा केलेल्या मालालाही समुद्राच्या वाटेवरचे प्लास्टिक म्हणण्याची पद्धत आहे. तो माल वाईट नाही, पण ग्राहकाच्या मनात उभे राहणारे चित्र खरे नाही.

जगात १९५० पासून २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला सुमारे ९ टक्केच पुन्हा वापरात आला, असे २०१७ चा एक गाजलेला अभ्यास सांगतो. आमच्या गल्लीत बसून मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. बिस्किटाचे किंवा वेफर्सचे पाकीट हे दोन-तीन प्रकारच्या प्लास्टिकचे आणि त्यावर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या थराचे असते. ते वेगळे करण्याची परवडणारी रीत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कचरावेचक ते उचलत नाहीत. खाडीकाठ यांना पुलावरून जे दिसते त्याची यादी पुन्हा वाचा. त्यात बाटली नाही, कॅन नाही. ज्याला भाव आहे ते आधीच उचलले गेले आहे, आणि ज्याला भाव नाही तेच समुद्रात पोहोचले आहे.

यावर उपाय म्हणून उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये आले. उत्पादकाने बाजारात घातले तेवढे प्लास्टिक परत गोळा झाल्याची प्रमाणपत्रे पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून विकत घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. कल्पना चांगली होती. पण २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही मोजक्या कारखान्यांनी मिळून सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे उघड झाले. प्रामाणिकपणे दाणा पाडणाऱ्याचे प्रमाणपत्र त्या खोट्या कागदांच्या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. म्हणून किनारा की नाला या वादात पडण्यापूर्वी पुनर्प्रक्रियेच्या नावावर चाललेली ही फसवणूक थांबवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

डोलकर

आमचे घराणे भाईंदरजवळच्या उत्तनचे, मच्छीमारांचे. इथे नाला, किनारा आणि कारखाना यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, पण समुद्रात रोज जाळे टाकणाऱ्याबद्दल जे लिहिले गेले ते फक्त आमची जाळी कासवे मारतात एवढेच. तेव्हा आमची बाजूही ऐका.

डोल जाळे हे लांब निमुळत्या पिशवीसारखे असते. त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर उघडे राहील अशा रीतीने ते समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधतात आणि प्रवाहासोबत आलेले बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे सर्व शेवटच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या बंद टोकात, जमा होते. म्हणजे हे जाळे माशांच्या मागे धावत नाही, पाणी जे आणील ते घेते. आणि पाणी आता पिशव्या आणते. पिशवी जाळीच्या डोळ्यांवर चिकटली की पाणी आरपार जात नाही, जाळ्यावर ताण येतो, उधाणाच्या दिवसांत तर ते फाटते. फाटले नाही तरी खोला होडीत उपडा केल्यावर जवळ्यातून पाकिटे आणि दोऱ्या वेचून काढाव्या लागतात. जवळा बारीक, पाकिटाचे तुकडेही बारीक. आमच्या बायका बंदरावर बसून ते एकेक करून काढतात, आणि या वेळेची मजुरी कुणीही देत नाही.

आता हे वेचलेले प्लास्टिक कुठे टाकायचे? बंदरावर त्यासाठी धड जागा नाही, उचलायला गाडी नाही. म्हणून पुष्कळ जण ते पुन्हा पाण्यातच सोडतात. हे चूक आहे, पण कचरा घेऊन बंदरावर यायचे, तिथे तो आपल्याच ओट्याशी कुजत ठेवायचा आणि वर स्वच्छतेचा दंड भरायचा, यापेक्षा दुसरा मार्ग त्यांना दिलेला नाही. केरळमध्ये २०१७ साली कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरात 'शुचित्व सागरम्' योजना सुरू झाली. बोटींना पिशव्या दिल्या गेल्या, जाळ्यात आलेले प्लास्टिक मच्छीमारांनी बंदरावर आणले, मच्छीमार कुटुंबांतल्या बायकांनी ते मजुरी घेऊन निवडले व धुतले, आणि त्याचा चुरा डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरला गेला. भंगारगल्ली म्हणतात त्याप्रमाणे त्याचा चांगला दाणा होत नसेल, तर नको. पण ते समुद्राबाहेर तरी आले.

आपल्या सरकारलाही हे जमणार नाही असे नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. मच्छीमार त्याची छायाचित्रे काढून अर्ज करतात, बहिरीलाही (म्हणजे व्हेल शार्कला) त्यातून जीवदान मिळाले आहे. मग प्लास्टिकच्या किलोमागे भाव द्यायला काय हरकत आहे? खाडीकाठ यांना मी स्पष्ट विरोध करतो: नाले अडवा, पण सगळा पैसा तिकडे नेऊ नका. समुद्रात आज जे आहे ते आमच्या जाळ्यात आहे, आणि ते काढण्यासाठी वेगळी बोट, वेगळे डिझेल लागत नाही.

खाडीकाठ

डोलकर यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे. बंदरावर काटा असावा, प्लास्टिक तोलून घ्यावे आणि त्याचे पैसे जागेवर मिळावेत, ही मागणी मी माझ्या मागणीत जोडून घेतो, कारण यात खर्च अंदाजावर नव्हे तर प्रत्यक्ष बाहेर आलेल्या वजनावर होतो. एक अट मात्र घालावी लागेल: भाव एवढा ठेवू नये की किनाऱ्यावरचाच कचरा बोटीत भरून बंदरावर तोलला जाईल. प्रमाणपत्रांचे जे झाले ते आपण वर वाचलेच आहे.

शंखशिंपले यांच्या सूक्ष्मप्लास्टिकच्या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्यांनी एक टप्पा गाळला आहे. किनाऱ्यावर भरलेल्या त्या गोण्या पुढे कुठे जातात? वाळूने भरलेला, मिसळलेला, ओला कचरा कोणताही भंगारवाला घेत नाही, तो क्षेपणभूमीवर जातो. मुंबईची देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि ती ठाणे खाडीच्या अगदी कडेला आहे. वर्सोव्याच्या वाळूतून उचललेली पिशवी शहराच्या दुसऱ्या बाजूच्या पाण्याकाठी नेऊन ठेवणे याला मी रोखणे म्हणू शकत नाही. स्वयंसेवकांच्या श्रमांबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच ते श्रम असे वाया जाताना पाहून वाईट वाटते.

शंखशिंपले

गोण्या कुठे जातात हा प्रश्न मलाही छळतो, पण तो तुमच्या नाल्यातल्या अडसरालाही तितकाच लागू आहे. अडसरापाशी साचलेला कचरा गाळाने माखलेला आणि सांडपाण्यात भिजलेला असतो. तोही क्षेपणभूमीवरच जातो. नालेसफाईचा गाळ काढून काठावर ठेवतात आणि पहिल्या सरीत तो पुन्हा नाल्यात उतरतो, हे दर पावसाळ्यापूर्वी आपण सगळेच पाहतो. शिवाय मोठ्या पावसात पाणी अडसरावरून वाहते, आणि वर्षातले सर्वाधिक प्लास्टिक नेमके त्याच दिवसांत समुद्रात जाते. तेव्हा किनाऱ्याची गोणी व्यर्थ आणि नाल्याची गोणी सार्थ, हा भेद मला पटत नाही.

पॉलिमर

सर्वांनीच प्लास्टिक तयार झाल्यानंतरच्या टप्प्यांवर चर्चा केली आहे. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडाले आणि त्यातले प्लास्टिकचे कच्चे दाणे तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यांवर येऊन पसरले. त्या दाण्यांची अजून पिशवीसुद्धा झालेली नव्हती. त्यांना कोणता नाला अडवणार होता, कोणता कचरावेचक दारातून घेणार होता? उत्पादनाला मर्यादा घातल्याशिवाय हे थांबणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबीत प्लास्टिक कराराचा ठराव केला, पण बुसानची २०२४ ची आणि जिनिव्हाची ऑगस्ट २०२५ ची बैठक उत्पादनमर्यादेच्या प्रश्नावर अडून निष्फळ ठरली, आणि भारतानेही अशा मर्यादेला विरोध केला. आपण इथे झाडू आणि अडसर यांवर भांडत असताना मूळ निर्णय तिथे अडला आहे.

शंखशिंपले

आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते दाणे किनाऱ्यावर आल्यावर स्वयंसेवकांनी ते वाळूतून चाळून काढले, आणि त्याशिवाय दुसरा कोणताही उपाय त्या दिवशी उपलब्ध नव्हता. करार होईल तेव्हा होवो; तोवर जहाजे बुडणार आहेत.

नेकारकाठ

मी बरीच वर्षे जर्मनीत आहे. इथे पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत मिळतात, आणि त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बाटली परत येते. केदारनाथच्या यात्रामार्गावर बाटलीमागे १० रुपयांची अशीच अनामत २०२२ पासून सुरू झाली आहे, गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत योजना अधिसूचित केली. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परताव्याची तरतूद केली होती. तिचे पुढे काय झाले, हे इथे कुणी सांगू शकेल का?

भंगारगल्ली

आमच्या भागात तरी एकाही दुकानदाराने ते ५० पैसे कधी घेतले नाहीत आणि दिलेही नाहीत. पण अनामतीबद्दल एक सावधगिरी. बाटलीवर अनामत लावलीत, तर आज जी बाटली कचरावेचक बाई उचलून विकते ती यंत्रात जाईल आणि तिच्या पोटावर पाय येईल. आणि समुद्राला फारसा फायदा होणार नाही, कारण आपल्याकडे बाटली आधीच उचलली जाते. गोव्याच्या योजनेकडे मी लक्ष ठेवून आहे ते यासाठी की, तीत पाकिटांसारख्या टाकाऊ वेष्टनांचाही विचार आहे. पाच रुपयांच्या पाकिटावर एक रुपया अनामत लागली आणि ती कोणीही, म्हणजे ती बाईसुद्धा, परत घेऊ शकली, तर ते पाकीट नाल्यात दिसणार नाही. उत्पादक याला कडाडून विरोध करतील, आणि त्याचे कारण उघड आहे: आज त्या पाकिटाचा शेवटचा खर्च डोलकरांच्या घरातल्या बायका त्यांच्या वेळाने भरत आहेत.

पर्वती

यात एक भर घालते. अनामत परत करण्याचे केंद्र दुकानदाराऐवजी कचरावेचकांच्या सहकारी संस्थांनाच चालवायला द्यावे. तोलणे, निवडणे, हिशेब ठेवणे ही कामे त्या आजही करतात.

खाडीकाठ

पाकिटावरच्या अनामतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ती लागू झाली तर माझ्या अडसरांची गरज कमी होईल आणि त्याचे मला दुःख नाही. पण कायदा होईपर्यंतच्या पावसाळ्यांसाठी पैशांचा पहिला वाटा नाल्यांच्या मुखांना मिळावा, यावर मी ठाम आहे. शंखशिंपले यांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, अडसरापाशी चोवीस तास माणसे आणि निवडण्याची जागा हवी, आणि ठेक्याचे पैसे अडसर बसवण्याचे नव्हे तर काढलेल्या प्लास्टिकच्या वजनाचे द्यावेत.

डोलकर

पहिला वाटा कुणाचा यावर आपले जुळणार नाही असे दिसते. अडसरावर चोवीस तास माणसे ठेवायला पालिकेला निविदा काढावी लागेल. बंदरावर एक काटा, एक बंदिस्त शेड आणि आठवड्यातून दोनदा गाडी, एवढ्याला मच्छीमार सहकारी सोसायटीचा एक ठराव आणि थोडा निधी पुरतो. बनावट वजनाची आपली भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणजे ज्या दिवशी बोटीची मासळी सोसायटीत नोंदली गेली, त्याच दिवशीचे प्लास्टिक त्या बोटीच्या नावावर घ्यायचे. मासळी नाही तर प्लास्टिकही नाही. पावसाळी मासेमारीबंदी उठली की पहिल्या फेऱ्यांना जाळ्यात सर्वाधिक कचरा येतो, म्हणून हा काटा त्याआधी बंदरावर लागायला हवा. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. गाडीचा खर्च कोण देणार, पालिका, मत्स्यव्यवसाय विभाग की पाकिटे विकणाऱ्या कंपन्या, याचे उत्तर मला तिथे विचारले जाईल, तेव्हा इथल्या जाणकारांनी त्यावर लिहावे.